आईचं शिलाई मशीन आणि रमाबाई रानडे



या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी एक राहून गेलेलं काम हातात घेतलं. आईचं जुनं पायमशीन साफ करायचं. झाकण काढलं, पायडलवर पाय ठेवला, तर चाक हलायलाच तयार नाही! आईला विचारलं तेव्हा कळलं. मागे एकदा मशीनचं तेल संपलं होतं म्हणून तिने खोबरेल तेल सोडलं होतं. ते आत चिकट होऊन बसलं. भंगारवाल्याला देऊन टाक, असं शेजारी म्हणाले. पण याच मशीनवर ब्लाउज-परकर शिवून आईने माझ्या डी.एड.ची फी भरली होती. कसं देणार?

मशीन खोलता खोलता मनात आलं, बायकांना शिवणकाम शिकवून स्वतःच्या पायावर उभं करायचं, हे आपल्या महाराष्ट्रात सुरुवातीला कोणी मनावर घेतलं असेल? त्यात एक मोठं नाव आहे रमाबाई रानडे यांचं. न्यायमूर्ती रानडे यांच्या पत्नी एवढीच त्यांची ओळख मुलांना असते. आज जरा जास्त ओळख करून घेऊ या.

रमाबाईंचा जन्म 25 जानेवारी 1862 रोजी देवराष्ट्रे या गावी झाला. हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे. माहेरचं नाव यमुना, आडनाव कुर्लेकर. 1873 मध्ये, अवघ्या अकराव्या वर्षी, महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचं लग्न झालं. तेव्हा त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पतीने स्वतः शिकवायला घेतलं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना मात्र हे मुळीच पसंत नव्हतं. दिवसभर घरकाम आणि टोमणे, रात्री धडे, असं त्यांचं शिक्षण झालं. तरी त्यांनी उलट उत्तर दिलं नाही आणि पाटीही सोडली नाही.

आपल्या खानदेशाशीही त्यांचा संबंध आला. 1879 मध्ये रानडे यांची बदली आपल्या शेजारच्या धुळ्याला झाली. वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाचा तो काळ. सरकारला रानड्यांविषयी संशय होता. आपल्या संसारावर सरकारचा डोळा आहे, हे त्या लहान वयात रमाबाईंनी अनुभवलं.

पुढे पुण्यात पंडिता रमाबाईंच्या आर्य महिला समाजात त्या जाऊ लागल्या. मुलींच्या हायस्कूलसाठी झालेल्या प्रयत्नांतही त्या होत्या. 1884 मध्ये ते हायस्कूल सुरू झालं. तीच आजची हुजूरपागा.

16 जानेवारी 1901 रोजी न्यायमूर्ती गेले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या. त्या काळी विधवा बाईने कोपऱ्यात बसावं अशीच रीत. पण काही काळाने त्या बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातल्या स्त्री कैद्यांना भेटू लागल्या. 1904 मध्ये मुंबईत भारत महिला परिषद भरली, तिच्या त्या अध्यक्षा झाल्या. 1909 मध्ये त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेही आपल्या राहत्या वाड्यात. गोपाळ कृष्ण देवधर यांची त्यांना मोठी साथ होती.

सेवासदनात काय शिकवत? लिहिणं-वाचणं, शिवणकाम, भरतकाम. तिथूनच परिचारिका तयार झाल्या, प्राथमिक शिक्षिका तयार झाल्या. विधवा, टाकलेल्या, गरजू बायकांना नुसती मदत दिली तर ती चार दिवसांत संपते. हातात कला दिली तर बाई जन्मभर कमावते. रमाबाईंच्या कामातून मला हेच शिकायला मिळतं. 1910 मध्ये त्यांनी आपल्या सहजीवनाच्या आठवणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केल्या. 1924 मध्ये त्यांचं निधन झालं. 1962 मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आता परत मशीनकडे. तुमच्याही घरी असं मशीन असेल तर हे करून बघा. मोटर लावलेली असेल तर आधी प्लग काढा. सुई, बॉबिन आणि बॉबिन केस काढून घ्या. सुईखालची प्लेट उघडा आणि दात्यांमध्ये अडकलेले धागे, कापसाचा भुगा जुन्या दातघासणीच्या ब्रशने काढा. तोंडाने फुंकू नका, ओल लागते. जुनं तेल घट्ट झालं असेल तर तिथे रॉकेलचे थोडे थेंब टाका, चाक हाताने हळूहळू मागे-पुढे करा, काळं निघेल ते पुसा. दिवा, शेगडी मात्र लांब ठेवा. नंतर प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचे एक-दोन थेंब. खाली पायडलच्या सांध्यांनाही द्या, पट्ट्याला देऊ नका. शेवटी चिंधीवर शिवून बघा, जादा तेल तिच्यात उतरतं. विप्रोची सुरुवात 1945 मध्ये आपल्या अमळनेरातच झाली, तीही वनस्पती तेलापासून! पण खायचं तेल मशीनला चालत नाही, एवढं लक्षात ठेवा.

माझं मशीन तिसऱ्या दिवशी फिरलं. आई ओट्यावरून उठून आली, तिने दोरा ओवला आणि एक सरळ शिवण मारली. मग मला म्हणाली, बस. तेव्हा लाजच वाटली. तू अभ्यास कर म्हणत तिने मला कधी या मशीनला हात लावू दिला नव्हता आणि मीही कधी मागितला नाही. तिच्या पैशाने शिकले, तिची विद्या मात्र घ्यायची राहिली. आता रोज संध्याकाळी अर्धा तास मी तिची विद्यार्थिनी आहे. माझी शिवण अजून वाकडीच जाते.

रमाबाईंचा पाठ घ्याल तेव्हा वर्गात सुई-दोरा जरूर न्या. मुलगे आणि मुली, दोघांनाही एक-एक बटण लावू द्या. आणि घरी जाऊन आईला, आजीला विचारायला सांगा, तुला काय येतं, मला शिकवशील का?