गेम बॉयचे जनक : गुन्पेई योकोई

कार्यानुभवाच्या तासाला आपण टाकाऊतून टिकाऊ वस्तू बनवतो. जवळपास त्याच रीतीने जपानमधील एका अभियंत्याने जगभरच्या मुलांच्या हाती खेळ दिले. त्यांचे नाव गुन्पेई योकोई.

त्यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. डोशिशा विद्यापीठात इलेक्ट्रॉनिक्स शिकून १९६५ मध्ये ते निन्टेंडो कंपनीत लागले. ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवीत असे. पत्त्यांच्या यंत्रांची देखभाल हे योकोईंचे काम. फावल्या वेळात त्यांनी गंमत म्हणून एक लांबणारा-मिटणारा यांत्रिक हात बनवला. तो कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या नजरेस पडला. ओरडा बसण्याऐवजी, तेच खेळणे विक्रीसाठी तयार करण्याची आज्ञा झाली! १९६६ साली आलेले ‘अल्ट्रा हँड’ दहा लाखांहून अधिक खपले.

पुढे रेल्वेत कॅल्क्युलेटरशी चाळा करत बसलेला एक कंटाळलेला प्रवासी त्यांना दिसला. कॅल्क्युलेटरचे भाग तेव्हा स्वस्त झाले होते. त्यांतूनच १९८० मध्ये खिशात मावणारा ‘गेम अँड वॉच’ साकारला. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ संचात त्यांनी अधिकच्या चिन्हासारखे दिशा-बटण बसवले. तशी बटणे आजही खेळयंत्रांवर दिसतात.

१९८९ मध्ये ‘गेम बॉय’ आला. प्रतिस्पर्ध्यांनी रंगीत पडदे आणले. पण त्यांनी किंमत वाढे आणि बॅटरी लवकर संपे. योकोईंनी साधा एकरंगी पडदाच ठेवला. चार पेन्सिल सेलवर मुले कित्येक तास खेळू शकत. गेम बॉय व त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून ११ कोटींहून अधिक यंत्रे विकली गेली.

अपयशही वाट्याला आले. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ साफ पडला. १९९६ मध्ये निन्टेंडो सोडून त्यांनी स्वतःची छोटी कंपनी काढली. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. वय अवघे ५६. त्यांनी हाती घेतलेला ‘वंडरस्वान’ १९९९ मध्ये बाजारात आला. तो एकाच पेन्सिल सेलवर चाले.

नवे, महागडे यंत्र हाती नाही म्हणून कोणाचे अडत नाही, हे आम्हाला या चरित्रातून उमगते. पालकांनाही आमची विनंती आहे : मुलाने घरातले जुने घड्याळ उघडून ठेवले, तर रागावण्याआधी त्याने काय बनवले आहे ते जरूर पाहावे.