इरावतीबाई कर्वे

आज म्यानमार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ब्रह्मदेशात इरावती ही मोठी नदी आहे. तिच्या काठी मिंजान या गावी १५ डिसेंबर १९०५ रोजी करमरकरांच्या घरी एक कन्या जन्मास आली. आईवडिलांनी तिला त्या नदीचेच नाव दिले. ती सात वर्षांची झाल्यावर शिक्षणासाठी तिला पुण्यास हुजूरपागेच्या शाळेत पाठविण्यात आले. तेथे तिची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री जमली आणि रँग्लर परांजप्यांच्या कुटुंबाने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. जन्मदाते समुद्रापलीकडे आणि माया दुसऱ्यांच्या घरी, असे तिचे बालपण गेले. माणसामाणसांतील नाती कशी जुळतात, हाच पुढे तिच्या अभ्यासाचा विषय झाला, यात मला तरी नवल वाटत नाही.

फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२६ साली पदवी घेतल्यावर मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली त्यांनी समाजशास्त्राचे अध्ययन केले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र, रसायनशास्त्राचे प्राध्यापक दिनकर कर्वे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९२८ साली त्या बर्लिनला गेल्या. तेथे त्यांचे मार्गदर्शक युगेन फिशर हे होते. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंशाचे श्रेष्ठत्व सिद्ध करता येईल, असा फिशर यांचा ग्रह होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. त्यांत तसा कोणताही फरक आढळला नाही. परक्या देशात, गुरूच्या मताविरुद्ध, त्यांनी जे आढळले तेच प्रबंधात लिहिले आणि डॉक्टरेट मिळवली.

१९३९ पासून पुण्याचे डेक्कन कॉलेज ही त्यांची कर्मभूमी झाली. परंतु त्यांचे खरे ग्रंथालय म्हणजे हा विस्तीर्ण देश. मामा, आत्या, नणंद, दीर यांना कोणत्या भाषेत काय म्हणतात आणि कोणाचा कोणाशी विवाह चालतो, हे त्या प्रांतोप्रांती विचारीत हिंडल्या. महाराष्ट्रात मामाची मुलगी सून म्हणून येऊ शकते; मग सासू ही तिची आत्याच असते. उत्तरेकडे मात्र असा विवाह निषिद्ध. तेथील मुलगी अनोळखी गावी, अनोळखी माणसांत जाऊन पडते. सासरी रडणाऱ्या एका मुलीचे दुःख तिच्या एकटीच्या दैवाचे नसते. त्यामागे शेकडो वर्षांची रीत असते. त्यांचा भारतातील नातेसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला.

हीच दृष्टी आपल्या बीड जिल्ह्याकडे वळवून पाहा. दिवाळीच्या सुमारास येथील पुष्कळ कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. गावी आजीजवळ राहिलेल्या मुलास वाटते की, ही अडचण केवळ आपल्याच घरची आहे. परंतु गावातील किती दारांना कुलपे आहेत, पाऊस किती पडतो, पाटाचे पाणी कोठवर येते, मुकादमाची उचल किती फेडावयाची आहे, हे विचारू लागले की त्या एका घराची गोष्ट साऱ्या मुलखाची होते.

इरावतीबाई स्वतःच्या अनुभवासही अशीच परीक्षा देण्यास लावीत. एकदा त्या ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीबरोबर पायी पंढरपुरास निघाल्या. (पैठणहून निघणारी एकनाथमहाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून जाते, म्हणून वारीचे वर्णन येथील वाचकास वेगळे सांगावयास नको.) दिंडीत सारे एकत्र चालत, एकत्र अभंग गात, पण जेवणाची वेळ झाली की ब्राह्मण व मराठे यांच्या पंगती वेगवेगळ्या होत. हे बाईंना सलले. त्या मराठा बायकांत जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका त्यांचा हात धरून चालू लागल्या, घरची सुखदुःखे सांगू लागल्या, त्यांना ताई म्हणू लागल्या. काहींनी पुण्यास घरी येण्याचेही कबूल केले. तेव्हा एका तरुण मुलीने विचारले की, तेथेही तुम्ही आमच्याशी अशाच वागाल ना? त्या साध्या प्रश्नाने विदुषी बाई अंतर्यामी हलल्या. प्रश्न एकीने विचारला होता, एकीलाच विचारला होता. परंतु त्यात दोन समाजांमधले सारे अंतर सामावले होते. हा प्रसंग त्यांनी लपविला नाही, आपल्या लेखात लिहून ठेवला.

महाभारतावरील त्यांच्या ‘युगान्त’ या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला आणि त्यांचे नाव घरोघरी पोचले. तरीही उतारवयात त्या कोयना धरणामुळे उठलेल्या गावांच्या लोकांकडे वळल्या. धरणाची वीज सर्वांना दिसते. देव, शेत आणि शेजार सोडून गेलेली माणसे दिसत नाहीत. ती कोठे गेली, कशी राहिली, याची पाहणी करून त्यांनी कन्या जाई निंबकर यांच्यासह १९६९ साली अहवाल प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० रोजी, त्यांचे निधन झाले.