गोणपाटातली गाणी

पोर्तुगालचे संगीत म्हटले की आपल्याला फादो आठवतो. गोव्याच्या शेजारामुळे हा शब्द मराठी कानाला परका राहिलेला नाही. पण फादो हे मुख्यतः लिस्बन आणि कोईंब्रा या शहरांचे गाणे. रानात, खळ्यावर, समुद्रकिनारी पोर्तुगीज माणूस काय गात होता, हे खुद्द पोर्तुगालला ऐकवले ते एका परक्या माणसाने. त्याचे नाव मिशेल जियाकोमेत्ती.

त्याचा जन्म १९२९ सालचा, कॉर्सिका बेटावरच्या अजाक्सियो गावचा. म्हणजे हा नेपोलियनचा गाववाला. कुर्ट शिंडलर यांनी जमवलेल्या स्पेन-पोर्तुगालच्या लोकगीतांचा, १९४१ साली छापलेला जाडजूड ग्रंथ पॅरिसच्या एका संग्रहालयात त्याच्या हाती पडला. त्या ओढीने १९५९ मध्ये तो पोर्तुगालला आला आणि तिथलाच झाला.

दिवस सालाझारच्या हुकूमशाहीचे होते. लोकगीतांचे प्रेम सरकारलाही होते, पण ते धुतल्या-पुसल्या गीतांचे. रंगीत पोशाख, फेर धरणारी जोडपी आणि हसरा, समाधानी शेतकरी एवढेच त्यात बसत असे. जियाकोमेत्तीला ऐकू आले ते वेगळेच. त्याला जोडीदार मिळाला तोही सरकारच्या मर्जीतून उतरलेला. संगीतकार फर्नांडो लोपेस-ग्रासा हे कम्युनिस्ट. त्यांनी तुरुंग पाहिला होता आणि शिकवण्याची बंदीही सोसली होती. या दोघांनी १९६० पासून दहा-अकरा वर्षांत प्रदेशवार पाच तबकड्या काढल्या. त्यांची वेष्टने चक्क गोणपाटाची होती. ज्या गोणीत धान्य भरायचे, त्याच कापडात गाणे!

त्या तबकड्यांत आणि १९७० ते १९७४ या काळात त्याने दूरदर्शनसाठी केलेल्या मालिकेत गाणे कामापासून सुटे होत नाही. बाइरा प्रांतात बायका आदुफ हा चौकोनी डफ वाजवून गातात. पेन्हा गार्सियाच्या कातारिना शीताश या मेंढपाळ बाईचा आवाज त्याने तिथेच टिपला. दक्षिणेच्या अलेन्तेजोत शेतमजूर वाद्याविना गातात. एक जण चाल उचलतो, दुसरा वरच्या सुरात ती झेलतो आणि मग सारा जथा संथपणे मागून येतो. मी हे प्रथम ऐकले तेव्हा भाषेचा एक शब्दही कळत नव्हता. पण दिवसभराच्या कष्टाने जड झालेली पावले मात्र स्पष्ट ऐकू आली.

आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांची आठवण इथे अपरिहार्य आहे. पुण्यात स्थायिक झालेले फ्रेंच अभ्यासक गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपल्याला जे रोजचे म्हणून ऐकूच येत नाही, ते परका कधी कधी थांबून ऐकतो.

जियाकोमेत्तीपाशी वेळही थोडाच होता. तो फ्रान्समधून आला, आणि त्याच दशकात ज्या खेड्यांत तो ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन फिरत होता तिथली तरुण माणसे पोटासाठी फ्रान्सकडे निघाली होती. मळणीला यंत्र आले की मळणीचे गाणे जाते. यंत्र नको, असे म्हणण्याचा अधिकार मात्र उन्हात न राबलेल्या आपल्यासारख्यांना नाही. जियाकोमेत्तीने गाणाऱ्यांचे दारिद्र्य कधी रम्य केले नाही, हे मला त्याचे सर्वांत मोठे मोठेपण वाटते.

१९७४ च्या एप्रिलमध्ये हुकूमशाही कोसळली. क्रांतीचा इशारा म्हणून रेडिओवर वाजलेले झोझे अफोन्सो यांचे गीत अलेन्तेजोच्याच वळणाचे होते. पुढच्याच वर्षी जियाकोमेत्तीने विद्यार्थ्यांना खेडोपाडी धाडले. त्यांनी गाण्यांबरोबर नांगर, विळे, सुतार-लोहारांची हत्यारेही आणली. आज ती सेतुबाल शहरात, मासळी डबाबंद करण्याच्या एका जुन्या कारखान्यात पाहायला मिळतात. ‘श्रमाचे संग्रहालय’ असे नाव असलेल्या त्या वास्तूला त्याचेच नाव जोडले आहे. १९८१ मध्ये लोपेस-ग्रासांबरोबर केलेला लोकगीतांचा मोठा संग्रहही निघाला.

१९९० च्या नोव्हेंबरात फारू येथे तो वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला अलेन्तेजोतल्या पेरोग्वार्दा या लहानशा खेड्यात पुरले. २०१४ साली युनेस्कोने अलेन्तेजोच्या समूहगानाला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली. त्या मानाच्या कितीतरी आधी एका परक्याने, ज्यांची गाणी टिपली त्या मजुरांच्याच मातीत आपली जागा मागून घेतली होती.