पंडिता रमाबाईंचे उघडे दार

पंडिता रमाबाईंचे नाव महाराष्ट्रात आदराने घेतले जाते. पण हा आदर बहुधा अर्धाच असतो. विदुषी आणि स्त्रीशिक्षणाच्या अग्रदूत म्हणून आपण त्यांचा गौरव करतो. धर्मांतराचा विषय निघाला की एक तर आवाज चढवतो, किंवा ते प्रकरण घाईघाईने ओलांडून पुढे जातो. कार्य स्वीकारावे आणि श्रद्धा वगळावी, ही वाटणी सोयीची खरी. पण रमाबाईंचे चरित्र नीट पाहिले तर ती टिकत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी सनातन्यांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले आणि आईने ती विद्या मुलीला दिली. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थाटन करीत असे. पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. १८७४ च्या सुमारास उपासमारीने खंगून आईवडील गेले आणि पाठोपाठ थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे पायी देश तुडवीत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या तरुण मुलीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी जातिबंधन तोडून विवाह केला. १८८२ मध्ये पटकीने पतीचाही बळी घेतला. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी आणि वय अवघे तेवीस!

पुण्यास आल्यावर त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाच्या बाजूने साक्ष दिली. मानसन्मान पुष्कळ मिळाला; पण तो मान पांडित्याचा होता. जिच्याजवळ पांडित्य नाही, कुल नाही आणि पतीही नाही, अशा स्त्रीला धर्मात स्वतःच्या हक्काची जागा कोणती, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्यांना स्वतः अभ्यासलेल्या शास्त्रांत सापडले नाही.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील जोगिणींच्या मठात राहिल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांना या जोगिणी आपल्याजवळ ठेवून घेत आणि ममतेने त्यांची सेवा करीत. हे कशाच्या बळावर, असे विचारता रमाबाईंना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यात आली. जिच्या जमातीशी यहुदी लोक संबंध ठेवीत नसत, तिच्याजवळ येशूने विहिरीवर पाणी मागितले आणि तिच्या पूर्वायुष्याची अडचण न मानता तिच्याशी धर्माची चर्चा केली. ज्या देशात माणसाची पायरी पाणवठ्यावरच ठरत असे, तेथून आलेल्या बाईला या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागला नसेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

एका पंक्तीतून उठून दुसऱ्या पंक्तीत निमूटपणे बसणे मात्र त्यांच्या स्वभावात नव्हते. मठातील वडीलधाऱ्यांशी आणि धर्माधिकाऱ्यांशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. बायबल वाचून जे आपल्या बुद्धीला पटेल तेच मानीन, कोणा अधिकाऱ्याच्या आज्ञेने नव्हे, ही त्यांची भूमिका होती. शाकाहारही त्यांनी सोडला नाही. पुढे १८९७ च्या प्लेगात पुण्यातील सरकारी रुग्णालयात स्त्रियांचे जे हाल झाले, त्यांवर त्यांनी वृत्तपत्रातून उघड टीका केली. राज्यकर्त्यांचा धर्म घेतला म्हणून त्या राज्यकर्त्यांच्या झाल्या नाहीत.

अमेरिकेत मदत उभारून ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलविले. तेथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. सदनात धर्माबाबत तटस्थता राहील, असे आश्वासन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत तेव्हा दार उघडे असे. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ मध्ये वादळ उठले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती निराधार होती असे म्हणता येत नाही. सर्वस्वी आश्रित असलेल्या मुलीवर आश्रयदात्रीच्या श्रद्धेची छाया पडतेच. पण ज्या श्रद्धेने आपल्याला उभे केले ती दाराआड लपवावी, हेही रमाबाईंना अप्रामाणिकपणाचे वाटले. या पेचातून दोन्ही पक्षांना पटेल अशी वाट निघाली नाही.

त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी दुष्काळात लागली. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे तीनशे स्त्रिया व मुली आणल्या आणि पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडून मजुरी मिळे. पण जिच्या अंगात घण उचलण्याचे त्राण नाही आणि पाठीशी कोणी नाही, तिला बाजारात एकच किंमत येई आणि ती लावणारे दलाल टपलेले असत. ज्यांचे श्रम विकले जात नाहीत त्यांचे काय करावे, या प्रश्नापाशी अर्थशास्त्राची गणिते अडतात. मुक्ती सदनात क्रमच उलटा होता. तेथे आधी आसरा मिळे आणि मग हाताला काम. शेती, दुधाचा व्यवसाय, विणकाम, छापखाना अशी कामे बायका शिकल्या; अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली गेली आणि फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. उपाशी फिरण्याचे दिवस रमाबाईंनी स्वतः काढले होते. आलेल्या मुलीच्या जागी स्वतःला पाहणे त्यांना जड गेले नसावे.

उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. एवढी मोठी संस्कृत पंडिता. पण साध्या बाईला कळावे म्हणून त्यांनी भाषांतरातून संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने दूर ठेवले. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनीही देह ठेवला. भाषांतर त्यांच्या मागे, १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे. रमाबाईंची श्रद्धा सर्वांनी घ्यावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ती बाजूला काढली, तर कुल, चारित्र्य किंवा उपयोग न विचारता हजारो स्त्रियांना घरात घेण्याचे बळ या बाईंना कोठून आले, याचा उलगडा होत नाही. दार उघडण्यापूर्वी आपल्या शाळा, वसतिगृहे आणि आश्रम आजही कितीतरी दाखले मागतात. रमाबाईंचा गौरव करताना निदान त्या दाखल्यांची यादी एकदा तपासून पाहावी.