एमील क्लापेरों

बेन्वा पॉल एमील क्लापेरों (इ.स. १७९९ - २८ जानेवारी, इ.स. १८६४) हे फ्रेंच अभियंता व भौतिकशास्त्रज्ञ होते. वायूने केलेले कार्य दाब-आकारमान आलेखावरील क्षेत्रफळाने दर्शविण्याची रीत त्यांनी उष्णता इंजिनाच्या सिद्धांतात आणली. उष्मागतिकीच्या संस्थापकांत त्यांची गणना होते.

जीवन

क्लापेरों यांचा जन्म पॅरिस येथे झाला. एकोल पॉलितेक्निक या संस्थेत आणि त्यानंतर खाणकाम विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. इ.स. १८२० मध्ये गणितज्ञ गाब्रिएल लामे यांच्यासह ते रशियास गेले व सेंट पीटर्सबर्ग येथे अभियांत्रिकीचे अध्यापन करू लागले. इ.स. १८३० च्या जुलै क्रांतीनंतर ते मायदेशी परतले. पॅरिस ते सेंट जर्मेन या इ.स. १८३७ मध्ये सुरू झालेल्या लोहमार्गाच्या उभारणीत त्यांचा प्रमुख वाटा होता. वाफेच्या रेल्वे इंजिनांची रचना हा त्यांचा खास विषय होता.

दाब-आकारमान आलेख

सादी कार्नो यांनी इ.स. १८२४ मध्ये उष्णतेच्या चालक शक्तीवर एक ग्रंथ लिहिला. परंतु त्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. इ.स. १८३२ मध्ये कार्नो यांचे निधन झाले. दोन वर्षांनी क्लापेरों यांनी आपल्या प्रबंधात कार्नो यांचे विचार गणिती रूपात मांडले. आडव्या अक्षावर आकारमान व उभ्या अक्षावर दाब घेऊन त्यांनी कार्नो चक्र चार वक्रांनी रेखाटले. त्यांपैकी दोन वक्र स्थिर तापमानाचे आहेत, तर उरलेल्या दोन वक्रांवर उष्णतेची देवघेव होत नाही. वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे वायूने केलेले कार्य आणि बंद आकृतीच्या आतील क्षेत्रफळ म्हणजे एका चक्रातील निव्वळ कार्य होय. बॉइल व गे-ल्युसॅक यांचे नियम एकत्र करणारे वायूचे समीकरणही याच प्रबंधात आहे.

उष्णतेविषयीची त्रुटी

कार्नो यांच्या ग्रंथाप्रमाणेच क्लापेरों यांनीही उष्णता अविनाशी मानली होती. त्यानुसार चक्रात घेतलेली उष्णता व बाहेर टाकलेली उष्णता समान ठरते. हे का चुकते, ते पुढील उदाहरणावरून दिसते.

हेलियमसारखा एकअणू वायू १ लाख पास्कल दाबाखाली १ लिटरवरून ३ लिटरपर्यंत प्रसरण पावला, तर कार्य २०० ज्यूल होते. आंतरिक ऊर्जा ३०० ज्यूलने वाढते. म्हणून एकूण ५०० ज्यूल उष्णता लागते. आता आकारमान कायम ठेवून दाब आधी २ लाख पास्कलपर्यंत वाढविला, त्या दाबाखाली प्रसरण होऊ दिले आणि शेवटी आकारमान न बदलता वायू थंड करून दाब पुन्हा १ लाखावर आणला. आरंभ व शेवट तेच. पण कार्य ४०० ज्यूल आणि निव्वळ उष्णता ७०० ज्यूल होते. आंतरिक ऊर्जेतील वाढ दोन्ही मार्गांनी ३०० ज्यूलच राहते.

दुसऱ्या मार्गाने जाऊन पहिल्या मार्गाने परत आल्यास आकृतीत २०० ज्यूल कार्याचे क्षेत्रफळ बंदिस्त होते आणि नेमकी तितकीच उष्णता खर्ची पडते. म्हणजे उष्णता अविनाशी नसून तिचे कार्यात रूपांतर होते. रुडॉल्फ क्लॉसियस यांनी इ.स. १८५० मध्ये ही दुरुस्ती केली. क्लापेरों यांचा आलेख मात्र तसाच टिकला, कारण क्षेत्रफळाने कार्य मोजताना उष्णतेचे स्वरूप गृहीत धरावे लागत नाही.

प्रभाव व अखेरची वर्षे

विल्यम थॉमसन (लॉर्ड केल्व्हिन) व क्लॉसियस या दोघांनाही कार्नो यांच्या विचारांची ओळख प्रथम क्लापेरों यांच्या प्रबंधातूनच झाली. इ.स. १८४४ पासून क्लापेरों पॅरिसच्या पूल व रस्ते विद्यालयात प्राध्यापक होते. इ.स. १८५७ मध्ये त्यांनी अनेक आधारांवरील तुळईसाठी तीन आघूर्णांचे प्रमेय प्रसिद्ध केले. इ.स. १८५८ मध्ये ते फ्रेंच विज्ञान अकादमीवर निवडून आले. पॅरिस येथेच त्यांचे निधन झाले. आयफेल मनोऱ्यावर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचेही नाव आहे.