चार्ल्स मार्टिन हॉल

आपल्या घरांतील अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याकडे आपण कधीं कौतुकानें पाहत नाहीं. परंतु इ. स. १८८४ मध्यें वॉशिंग्टन येथील स्मारकस्तंभाच्या माथ्यावर याच धातूचें सुमारें पावणेतीन किलो वजनाचें ओतीव शिखर बसविण्यांत आलें, तेव्हां तें मोठें नवल मानलें गेलें. हा धातु मातींत विपुल आहे. पण प्राणवायूपासून त्यास अलग करणें इतकें खर्चाचें असे कीं, त्याची किंमत चांदीच्या तोडीची होती. ही अडचण ज्यानें वयाच्या बाविसाव्या वर्षीं दूर केली, त्या चार्ल्स मार्टिन हॉलचें चरित्र आम्ही विद्यार्थ्यांपुढें थोडक्यांत ठेवीत आहों.

हॉलचा जन्म ६ डिसेंबर १८६३ रोजीं अमेरिकेंतील ओहायओ प्रांतांत एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. १८७३ मध्यें हें कुटुंब ओबर्लिन गांवीं राहावयास आलें. वडिलांच्या संग्रहांतील रसायनशास्त्राचें एक जुनें पुस्तक वाचून त्यास या विषयाची गोडी लागली. पुढें ओबर्लिन कॉलेजांत प्रोफेसर जुएट यांच्यासारखे गुरु त्यास लाभले. त्यांनीं जर्मनींत अध्ययन केलें होतें आणि तेथून आणलेला अ‍ॅल्युमिनियमचा नमुना ते वर्गांत दाखवीत. हा धातु स्वस्तांत काढण्याची युक्ति आपणच शोधावयाची, असा हॉलनें निश्चय केला.

१८८५ मध्यें पदवी मिळाल्यावर त्यानें घरामागील सरपणाच्या खोपींत आपली प्रयोगशाळा थाटली. भट्टी घरगुती, विजेच्या बॅटऱ्याही बहुतेक हातानेंच बनविलेल्या. कांहीं उपकरणें व साहित्य जुएट यांनीं दिलें. त्याची वडील बहीण ज्यूलिया हिनेंही त्याच कॉलेजांत रसायनशास्त्राचा अभ्यास केला होता. त्याच वर्षीं आई वारल्यामुळें घरचा भार तिजवर पडला होता. तरीही ती भावाच्या प्रयोगांकडे बारकाईनें लक्ष देई.

प्रथम त्यानें पाण्यांतील द्रावणांतून वीज सोडून पाहिली. परंतु पाण्याचेंच पृथक्करण होई व धातु मिळेना. तेव्हां पाण्यावांचून द्रावण कसें करावें, हा प्रश्न उभा राहिला. अ‍ॅल्युमिना वितळविण्यास दोन हजार अंशांहून अधिक उष्णता लागते, आणि ती त्या भट्टींत मिळणें अशक्य होतें. अनेक क्षार तपासल्यावर १८८६ च्या फेब्रुवारींत त्यास आढळलें कीं, सुमारें एक हजार अंशांवर वितळलेल्या क्रायोलाइटांत अ‍ॅल्युमिना सहज विरघळतो. त्यांतून वीज सोडली, पण हातीं आला तो नुसता करडा थर. मातीच्या मुशींतील सिलिका विरघळून घोटाळा करीत असावी, हें ओळखून त्यानें मुशीस आंतून कार्बनाचें अस्तर दिलें. २३ फेब्रुवारी रोजीं ती मूस थंड करून फोडतांच आंत अ‍ॅल्युमिनियमच्या चकचकीत गोळ्या सांपडल्या.

फ्रान्सांत एरू नांवाच्या समवयस्क तरुणानें स्वतंत्रपणें हीच युक्ति शोधून तिच्या हक्कासाठीं आधीं अर्ज केला होता. अमेरिकेंत मात्र शोध प्रथम कोणी लावला, यास महत्त्व होतें. तेथें हॉलनें भावास लिहिलेलीं पत्रें व ज्यूलियाची साक्ष उपयोगी पडली आणि १८८९ मध्यें त्यास पेटंट मिळालें. १८८८ मध्यें पिट्सबर्ग येथें कारखाना निघाला होताच. पूर्वीं पौंडास बारा डॉलरपर्यंत पडणारा धातु तें शतक संपण्यापूर्वींच एका डॉलरहून स्वस्त झाला, आणि गरिबाच्या चुलीपर्यंत पोहोंचण्याचा त्याचा मार्ग मोकळा झाला.

२७ डिसेंबर १९१४ रोजीं हॉल मरण पावला. एरूचेंही निधन त्याच वर्षीं झालें. हॉल अविवाहित होता; त्यानें आपल्या संपत्तीचा मोठा भाग ओबर्लिन कॉलेजास व इतर शिक्षणकार्यास दिला, त्यांत आशियांतील शिक्षणाचाही वाटा होता.

आमच्या विद्यार्थ्यांनीं त्याच्या चरित्रांतून एवढें अवश्य घ्यावें : प्रयोग फसला म्हणजे नशिबास दोष न देतां, मूस कशाची आहे हें आधीं तपासावें, आणि प्रत्येक प्रयोगाची तारीखवार नोंद ठेवावी. तसेंच पालकांनीं ज्यूलियाचें स्मरण ठेवून आपल्या मुलींसही शास्त्राच्या अभ्यासाची संधि द्यावी, अशी आमची विनंति आहे.