आचार्य धर्मानंद कोसंबी : मैत्रीची सुरुवात घरापासून



बल्लारशाहून वर्ध्याकडे गाडी निघाली की भांदक, वरोरा, हिंगणघाट मागे पडते आणि सेवाग्राम येते. तेथेच ४ जून १९४७ रोजी आचार्य धर्मानंद कोसंबी यांनी आजारपणात अन्न सोडून देह ठेवला. आपल्या इतक्या जवळ विसावलेल्या या विद्वानाची ओळख आपल्या घराघरात व्हावी, म्हणून आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यातील साखवाळचा, सारस्वत ब्राह्मण कुळातला. शाळा फार झाली नाही. बुद्धाचे चरित्र वाचनात आले आणि मन घरात लागेना. १८९९ साली बायको बाळाबाई आणि तान्ही मुलगी यांना मागे ठेवून ते निघाले. पुणे, काशी, नेपाळ करीत सिंहलद्वीपाला पोहोचले. तेथे १९०२ साली श्रामणेर होऊन पाली शिकले. पुढे ब्रह्मदेशात ध्यानभावना केली.

मोठ्या माणसाची चूक झाकायची नसते. त्या माउलीने लेकरू घेऊन ती वर्षे कशी काढली असतील? चळवळीच्या नावाखाली घर वाऱ्यावर सोडणारे आमच्यातही आहेत, आणि आम्ही स्वतः त्यातून सुटलेलो नाही. पण कोसंबी सुमारे सात वर्षांनी घरी परतले आणि त्यांनी पुन्हा संसार उभा केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी महिना ५० रुपये देऊ केले, तेव्हा कलकत्त्याची अध्यापकी सोडून ते महाराष्ट्रात आले, कारण धम्म आपल्या भाषेच्या लोकांना सांगायचा होता. १९१२ ते १९१८ पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवले. १९१८ ला अमेरिकेला जाताना मुलगी माणिक व मुलगा दामोदर यांना सोबत नेले.

अमेरिकेच्या हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना १९१० सालीच बोलावले होते, ते विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या संपादनासाठी. आचार्य बुद्धघोषांचा हा ग्रंथ म्हणजे मनाचा दवाखानाच. डॉक्टर जसा रोगी पाहून औषध देतो, तसे यात माणसाचा स्वभाव पाहून ध्यान सांगितले आहे. रागीट माणसाला मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा. ज्याचे मन सारखे भरकटते त्याला आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष. कोसंबींनी समाधिमार्ग हे पुस्तक लिहून ही वाट मराठीत खुली केली. १९३७ साली मुंबईत परळच्या कामगार वस्तीत बहुजन विहार उभारला. आम्ही गिरणीवाले, म्हणून हे आम्हाला जास्त भावते.

आज मनाचे डॉक्टर हीच वाट धरतात. १९७९ साली अमेरिकेत, हार्वर्ड ज्या राज्यात आहे त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये, जॉन कबाट-झिन यांनी दवाखान्यातल्या रोग्यांना सतीचा, म्हणजे जागरूकतेचा, अभ्यास शिकवायला सुरुवात केली. पुढे तो उदासीनतेच्या उपचारातही आला. आजार मोठा असेल तर डॉक्टरकडे जावेच. ध्यान म्हणजे गोळ्या बंद करणे नव्हे.

मैत्रीभावनेचा क्रम साधा आहे. आधी स्वतः, मग आदरणीय माणूस, मग जिवलग, मग ज्याच्याशी देणेघेणे नाही असा, आणि शेवटी वैरी. एवढे करूनही राग जाईना, तर त्याला आपल्याजवळचे काही द्यावे आणि त्याचे आपण घ्यावे, असा उपाय बुद्धघोषांनी सांगितला आहे.

आमचा आणि धाकट्या भावाचा बांधीच्या धुऱ्यावरून चार वर्षे अबोला होता. पाळी करून घरी आलो की तो राग आम्ही घरच्यांवर काढायचो. विहारात बसून बसून राग उतरला, पण पाय काही त्याच्या दाराकडे वळेना. शेवटी हा उपाय करून पाहिला. पायलीभर तूर घेऊन गेलो. भाऊ काही बोलला नाही. वहिनीने मात्र पिशवी रिकामी करून त्यात जवस भरून दिला. धुरा अजून तिथेच आहे, पण आता दोघे मिळून बांधतो.

बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा कोसंबींना जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्यांची मराठी पुस्तके मात्र आपल्यासाठी तयार होती. ती विहाराच्या कपाटात धूळ खात राहू नयेत. रविवारच्या वंदनेनंतर दहा मिनिटे बसा, आणि घरी गेल्यावर पहिला गोड शब्द घरच्या माणसाशी बोला.

जयभीम! नमो बुद्धाय!